ज्वालामुखी निघून गेला, पाणी ऊनच राहिलं

पहाटेची थंडी असताना कोकनेरला जा. पालघर तालुक्यातलं हे गाव. कुंडावर वाफेचा पातळ पदर तरंगत असतो. पाय आत घालायला गेलात की पहिल्यांदा दचकून मागे घ्याल, मग हळूहळू पुन्हा घालाल, आणि पोटऱ्यांपर्यंत ऊब चढली की बाहेर काढावेसेच वाटणार नाहीत. खाली चूल नाही, गॅस नाही, विजेची तार नाही. बिल भरायला कोणी सांगत नाही. तरी हे पाणी काल ऊन होतं, आजी-पणजीच्या लहानपणी ऊन होतं आणि उद्याही असेल.

कोण तापवतं हे पाणी?

गावात विचाराल तर बहुतेकदा उत्तर येतं: गंधक. खाली गंधकाची खाण आहे, म्हणून पाणी तापतं. वज्रेश्वरीला विचाराल तर देवीने मारलेल्या दैत्यांची गोष्ट ऐकायला मिळेल. आणि शाळेत भूगोल मन लावून शिकलेला कोणी भेटला तर तो आजूबाजूच्या काळ्या डोंगरांकडे हात करून म्हणेल, अहो, हा सगळा ज्वालामुखीचा प्रदेश! लाव्हा अजून आत धगधगत असणार.

हे शेवटचं उत्तर सगळ्यांत पटण्यासारखं आहे. मलाही ते अनेक वर्षं पटलेलं होतं. ते चूक आहे. पण ते चूक का, हे शोधायला निघालं की वाट पालघरहून सुटते आणि थेट हिंदी महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावर पोचते. तिथून परत येते तेव्हा आपल्या हातात जे उत्तर असतं, ते तारापूरच्या अणुभट्टीशी नातं सांगतं. म्हणून ही वाट एकदा पुरती चालून पाहू.

डोंगरांपासूनच सुरुवात करू. काळदुर्ग, अशेरी, तांदुळवाडी, कामणदुर्ग. विरार-डहाणू लोकलच्या खिडकीतून किंवा अहमदाबाद महामार्गावरून दिसणारे हे सगळे डोंगर एकाच गोष्टीचे बनलेले आहेत: थिजलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून वितळलेला दगड बाहेर येऊन पसरला. एक थर निवला की त्यावर दुसरा, मग तिसरा. आज उरलेला पसाराच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठा. कळसूबाईच्या माथ्यावर उभे राहता तेव्हा पायांखाली दीड किलोमीटरहून उंच अशी लाव्ह्याची चळत असते.

आता खरी गंमत. हे सगळं घडत होतं तेव्हा पालघर कुठे होतं?

इथे नव्हतं! विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिण गोलार्धात होतं. भारत तेव्हा आशियाला जोडलेलाच नव्हता. मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे निघालेलं ते एक मोठं बेट होतं. वाटेत ते पृथ्वीच्या पोटातल्या एका अतितप्त जागेवरून सरकलं. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की दख्खनचा लाव्हा याच ठिकाणाहून वर आला. अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात. तो साधारण जागच्या जागी असतो, वरचं भूकवच सरकत राहतं. दिवाळीत पेटत्या पणतीवरून कोरा कागद हळूहळू ओढत नेला तर त्यावर काजळीची रेघ उठेल ना? तशीच रेघ हिंदी महासागराच्या तळावर उठलेली आहे, आणि ती नकाशावर बोटाने गिरवता येते. दख्खन, मग लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस, मग मॉरिशस, आणि सगळ्यांत शेवटी, आज जिथे ती पणती प्रत्यक्ष जळते आहे तिथे, रियुनियन नावाचं बेट. मालदीवची ती पांढरी वाळू आणि प्रवाळ? त्यांच्याखाली समुद्रात बुडालेले जुने ज्वालामुखी आहेत.

रियुनियन पालघरहून सुमारे 4,900 किलोमीटर दूर आहे. 6 कोटी 60 लाख वर्षांत एवढं अंतर पडलं, म्हणजे वर्षाला सरासरी साडेसात सेंटिमीटर. आपल्या हाताची नखं वाढतात त्याच्या जेमतेम दुप्पट वेग. आणखी एक योगायोग बघा. पालघर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण 20 अंशांवर आहे, आणि रियुनियन दक्षिणेला 21 अंशांवर. आरशात पाहावं तसं.

या वाटेवरच्या मॉरिशसपाशी मी नेहमी थोडा थांबतो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीत ऊसमळ्यांवर काम करायला जे गिरमिटिये गेले, त्यांत कोकण-सातारा भागातली मराठी कुटुंबंही होती. त्यांची पुढची पिढी आजही तिथे मराठी म्हणवून घेते. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. या माणसांनी काळ्या कातळाचं गाव सोडलं, समुद्र ओलांडला आणि पुन्हा काळ्याच कातळावर संसार मांडला. दोन्ही कातळ एकाच भट्टीतले! माहेरचा दगड आणि सासरचा दगड सख्खे भाऊ निघाले, आणि नांगर धरणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

तर मग कोकनेरच्या पाण्याखाली त्या लाव्ह्याची थोडी तरी धग उरली असेल की नाही?

हिशेब मांडून पाहू. दगड निवायला किती वेळ लागतो हे त्याच्या जाडीवर ठरतं, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट होतो. मीटरभर जाडीचा थर निवायला दहा-बारा दिवसांचा काळ धरा. मग किलोमीटरभर जाडीचा थर? हजारपट जाडी, म्हणजे दहा लाखपट वेळ. तीसेक हजार वर्षं. ऐकायला मोठा आकडा आहे, पण आपल्याकडे 6 कोटी 60 लाख वर्षं आहेत. एवढ्या अवधीत तो लाव्हा दोन हजार वेळा निवून झाला असता. सकाळच्या चहाची धग पुढच्या वर्षीच्या होळीला शोधण्यासारखं आहे ते. आपल्या डोंगरांची चूल कधीच विझली. आग गेली, निखारेही गेले. ज्वालामुखी आपला मुक्काम हलवून रियुनियनला जाऊन बसला.

मग रियुनियनला तरी ती आग सहज हाती लागत असेल? तिथला पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत उद्योगी ज्वालामुखींपैकी एक आहे. बरेचदा तर वर्षातून एकदा तरी उफाळतो. लहान बेटांना जमिनीतल्या उष्णतेचं आकर्षण असायला मोठं कारण आहे. तिथे कोळसा नाही, तेल नाही. दिवा लावायचा तर इंधन जहाजाने आणायचं. आणि पायांखाली मात्र वितळलेला दगड. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर हे साधलंही आहे. ज्वालामुखीच्या कुशीतल्या एका गावी जमिनीतल्या वाफेवर सुमारे 15 मेगावॉट वीज तयार होते. त्या गावाचं नाव बुयांत. फ्रेंच भाषेत अर्थ होतो ‘उकळती’. आपल्याकडे रायगडातलं उन्हेरे, दापोलीचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे यांचं नामकरण कसं झालं असेल? ऊन पाण्यावरून! दोन टोकांच्या समुद्रांकाठी, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांनी गावाला नाव देताना हात आधी पाण्यातच घातला होता.

रियुनियनलाही शोध झाला. 1985 मध्ये तिथे ग्रां ब्रुले या जागी, ज्वालामुखीच्या उतारावर, 3 किलोमीटर खोल विहीर खणली गेली. वीजनिर्मितीजोगी वाफ काही मिळाली नाही. पण काय मिळालं पाहा. सुमारे किलोमीटरभर खाली गेल्यावर लाव्ह्याचे थर संपले आणि एकदम वेगळाच, जड, भरड दाण्यांचा दगड लागला. तो संपेचना. ते एका जुन्या, मेलेल्या ज्वालामुखीचं पोट होतं! जिवंत ज्वालामुखीच्या अंगाखाली त्याचा पूर्वज निजलेला, आणि वरून बघणाऱ्या कोणाला त्याचा मागमूस नाही. शोधायला गेले उष्णता आणि हाती लागला दडलेला डोंगर.

पण जळत्या डोंगराच्या अंगावर भोक पाडूनही आग का सापडू नये? एक मोठी अडचण आपण कोकणातली माणसं चटकन समजू शकतो: पाऊस. रियुनियनला 2007 च्या फेब्रुवारीत एका चक्रीवादळात, ज्वालामुखीजवळच्या एका ठिकाणी, 72 तासांत 3,929 मिलिमीटर पाऊस झाला. पालघरला चार महिन्यांच्या पावसाळ्यात पडतो त्याहून हा जास्त आहे, तीन दिवसांत. ज्वालामुखीचा ताजा दगड चाळणीसारखा सच्छिद्र. पाणी सरळ आत उतरतं, उष्णता धुऊन समुद्राकडे नेतं आणि वरचा शेकडो मीटरचा दगड गार करून ठेवतं. तापलेल्या माणसाच्या कपाळावर सतत ओली पट्टी ठेवली, तर हात लावून ताप कसा कळणार? म्हणून बेटांवर उष्णता शोधणाऱ्यांना वरवर हात लावून भागत नाही. त्यांना नाडी बघावी लागते. ती बघायच्या ज्या युक्त्या आहेत, त्याच कोकनेरलाही चालतात. चला, परत येऊ.

भारत सरकारने 1960 च्या दशकात देशातल्या उन्हाळ्यांचा, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांचा, पद्धतशीर विचार करायला एक समिती नेमली आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पुढे तीनशेहून अधिक गरम झऱ्यांची नोंद केली. त्या यादीत कोकणची रांग ठसठशीत उठून दिसते. उत्तरेला पालघर जिल्ह्यातलं कोकनेर, हालोली, सातिवली. मग तानसेकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. मग खाली खाली उन्हेरे, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूर. तीनशेहून जास्त किलोमीटर, आणि जवळजवळ सगळी ठिकाणं समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधल्या एका अरुंद पट्ट्यात. नकाशावर कुणी दोरी धरून ठिपके मारले असावेत, असं वाटतं.

दोरी खरंच आहे. कोकणातले लाव्ह्याचे थर देशावरच्यासारखे आडवे पडलेले नाहीत. पनवेलच्या आसपास ते पश्चिमेकडे कलतात, जणू चटईची कडा समुद्रात ओढली गेली आहे. त्या वाकणीला पनवेलचा बाक म्हणता येईल. चटई वाकवली की धागे ताणून तुटतात, तसं हे कवच उभ्या भेगांनी चिरलं गेलं. काही भेगांत लाव्हा शिरून थिजला आणि दगडाच्या उभ्या भिंती तयार झाल्या. या भिंतींचा अभ्यास ज्यांनी मन लावून केला, त्यांपैकी एक होते सर्वेक्षणातले जॉन ऑडन. 1949 मध्ये त्यांनी पश्चिम भारतातल्या या भिंतींवर शोधनिबंध लिहिला. इंग्रजीतले विख्यात कवी डब्ल्यू. एच. ऑडन हे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. एक भाऊ ओळी रचत होता आणि एक कोकणातल्या दगडांच्या ओळी मोजत होता.

या भेगा म्हणजे पाण्याचे जिने. पाऊस पडतो, थोडं पाणी जिना उतरून खोल जातं, तापतं, हलकं होतं आणि दुसऱ्या जिन्याने वर येतं. पण किती खोल? पाण्याला विचारायचं. पाणी सगळं सांगतं.

कोरा चहा मनात आणा. पाणी जितकं कढत, तितका रंग गडद उतरतो. दगडाचाही काढा असाच उतरतो. गारगोटी म्हणजे सिलिका. ती थंड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण पाणी तापत गेलं की अधिकाधिक विरघळते. आणि एकदा विरघळली की पाणी निवलं तरी तिला बाहेर पडायची घाई नसते. म्हणून झऱ्याच्या पाण्यात किती सिलिका आहे ते मोजलं, की खाली ते पाणी कितपत तापलं होतं हे सांगता येतं. लिटरमागे 60 मिलिग्रॅम असेल तर साधारण 110 अंश. 100 मिलिग्रॅम असेल तर 137 अंश. एका बाटलीत पाण्याचा नमुना घ्यायचा आणि तीन किलोमीटर खाली न गेलेल्या थर्मामीटरचा आकडा वाचायचा! हे सूत्र मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा बराच वेळ हातातल्या ग्लासाकडेच बघत बसलो होतो.

कोकणातल्या झऱ्यांचं पाणी वर येतं तेव्हा ठिकाणानुसार कोमटापासून 70 अंशांपर्यंत ऊन असतं. पण त्यातल्या क्षारांवरून केलेले बरेच अंदाज सांगतात की खाली ते 100 अंशांपलीकडे तापून आलेलं आहे. जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. कोकणात वरच 27 अंश धरले, तर शंभरी गाठायला अडीच-तीन किलोमीटर उतरावं लागेल. एवढा प्रवास करून आलेलं असतं ते पाणी, ज्यात आपण पाय बुडवून बसतो.

दुसरा प्रश्न: हे पाणी मुळात कुठलं? हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे काही अणू त्यांच्या भावंडांपेक्षा किंचित जड असतात. पावसाच्या पाण्यात जड आणि हलक्या अणूंचं एक ठरावीक प्रमाण असतं, अंगठ्याच्या ठशासारखं. जगभरातल्या गरम झऱ्यांचे ठसे तपासले तेव्हा बहुतेक ठिकाणी ते पावसाशी जुळले. पृथ्वीच्या पोटातून आलेलं वाटणारं पाणी मुळात ढगातून पडलेलं होतं! भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तुरळ-राजवाडीच्या झऱ्यांची तपासणी अशाच खुणांवरून केली. यातली एक खूण अंगावर काटा आणणारी आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत महासत्तांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या, तेव्हा पावसाच्या थेंबाथेंबात ट्रिटियम मिसळलं. दर बारा-साडेबारा वर्षांनी ते निम्मं होतं. त्यामुळे एखाद्या झऱ्यात ट्रिटियम जवळजवळ नसेल, तर ते पाणी त्या चाचण्यांच्या आधी पडलेलं, म्हणजे आपल्या आजोबांनी अंगावर घेतलेल्या पावसाच्याही आधीचं असू शकतं.

आता मुख्य प्रश्न. ते तापलं कशाने? त्याचं उत्तर पाण्यासोबत येणाऱ्या बुडबुड्यांत आहे. कोकणातल्या झऱ्यांतून निघणाऱ्या वायूत नायट्रोजन भरपूर असतो, आणि त्याच्याबरोबर हेलियम. फुग्यात भरतात तोच. हेलियम इथे कुठून आला? हवेत तो नावापुरताच असतो. युरेनियम आणि थोरियमचे अणू फुटतात तेव्हा त्यांच्यातून जो कण सुटतो, तोच पुढे हेलियमचा अणू होतो. प्रत्येक बुडबुडा म्हणजे खाली कुठेतरी फुटलेल्या असंख्य अणूंची पोचपावती.

लाव्ह्याच्या काळ्या कातळात युरेनियम-थोरियम फारसं नसतं. ते असतं ग्रॅनाइटमध्ये. आणि आपल्या काळ्या कातळाखाली ग्रॅनाइटच आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल विवर घेतलं, तेव्हा सव्वा किलोमीटरवर लाव्ह्याचे थर संपले आणि खाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचा दगड लागला. दख्खन म्हणजे त्या म्हाताऱ्या दगडावर अंथरलेलं काळं घोंगडं. झऱ्यांच्या पाण्यात काय विरघळलंय हे पाहून मुंबई आयआयटीचे तेव्हाचे प्राध्यापक डी. चंद्रशेखरम यांच्यासारख्या संशोधकांनीही हेच म्हटलं की पाणी घोंगड्यातून खाली उतरून ग्रॅनाइटला भेटून येतं.

तर मग इथे थांबून श्वास घ्या. बोईसरपासून जवळच, समुद्रकाठी, तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. देशातलं पहिलं. 1969 पासून तिथे युरेनियमचे अणू मुद्दाम फोडून पाणी उकळलं जातं. आणि त्याच जिल्ह्यात, कोकनेरच्या कुंडाखाली, युरेनियम आणि थोरियमचे अणू आपापल्या मर्जीने, कुणीही न फोडता, फुटत आलेले आहेत, अणुभट्टी हा शब्द जन्माला यायच्या अब्जावधी वर्षं आधीपासून. एक भट्टी माणसाने बांधली, दुसरी पृथ्वीने. दोन्ही पाणीच तापवतात.

अर्थात वेगात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एक घनमीटर ग्रॅनाइट घ्या, घरच्या जुन्या लाकडी पेटीएवढा ठोकळा. त्याच्यात निर्माण होणारी सगळी उष्णता एक थेंबही न सांडता साठवली, तर कपभर पाणी उकळायला सहा-सातशे वर्षं लागतील. यादवांच्या काळात आधण ठेवलं असतं तर आत्ता कुठे चहा झाला असता! एक घनकिलोमीटर ग्रॅनाइट, म्हणजे अख्खा डोंगर, तीन हजार वॉट देतो. न्हाणीघरातल्या दीड गिझरएवढं. पण त्याच्यावर जाड घोंगडं आहे आणि वेळेला तोटा नाही. युरेनियम निम्मं व्हायला साडेचारशे कोटी वर्षं लागतात, थोरियमला चौदाशे कोटी. त्यात पृथ्वीच्या गाभ्याकडून येणारी जन्मापासूनची जुनी ऊबही मिसळते. पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या एकूण उष्णतेतला साधारण निम्मा भाग अशा अणूंचा आहे, असं जमिनीतून आरपार येणाऱ्या न्यूट्रिनो कणांच्या मोजणीवरून 2011 मध्ये दिसून आलं.

आणि शेवटी हे सगळं तुमच्या घराच्या तळापर्यंत पोचतं तेव्हा किती उरतं? शंभर चौरस मीटरच्या घराखालून साधारण सहा वॉट. एक लहान एलईडी दिवा. सगळ्या घरांखाली, सगळ्या शेतांखाली, रात्रंदिवस असा एकेक दिवा तेवतो आहे. कोकनेरचं वैशिष्ट्य एवढंच की भेगांतून फिरणारं पाणी दूरदूरच्या शिवारातली ती ऊब वेचत येतं आणि एकाच मोरीतून बाहेर टाकतं.

भेगा खाली कुठवर गेल्यात, पाणी नेमकं कुठे साठलंय, हे न खणता बघायचीही युक्ती आहे. तिचं नाव मॅग्नेटोटेल्युरिक, आणि तिचा दिवा आहे वीज. आभाळातली! जगात कुठे ना कुठे दर सेकंदाला चाळीसहून अधिक विजा चमकतात. काँगोच्या जंगलावर पडलेल्या विजेची लहर पृथ्वीभर फिरते आणि जमिनीत बारीक प्रवाह उठवते. कोरडा दगड हा प्रवाह अडवतो, गरम खारं पाणी तो सहज वाहू देतं. शेतात चार तारा आणि चुंबकमापक पुरून हे प्रवाह ऐकत बसायचं. सावकाश लहरी खोलवरच्या गोष्टी सांगतात, जलद लहरी वरवरच्या. पण बोईसरच्या आसपास असं कान लावून बसणं सोपं नाही. रेल्वेची विजेची तार, तारापूरहून निघणारे मोठे मनोरे, एमआयडीसीतली यंत्रं यांचा विजेचा कोलाहल त्या कुजबुजीवर मात करतो. ही तक्रारही जुनी आहे. मुंबईत विजेवरच्या ट्रामा येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकमापन 1904 मध्ये अलिबागला हलवावं लागलं होतं.

एवढं सगळं कळल्यावर कोणीही विचारेल, मग वीज का नाही करत? कारण वीज तापमानावर होत नाही, तापमानातल्या फरकावर होते. धबधब्याची ताकद तो किती उंचीवरून पडतो यात असते, तसंच. अलास्कातल्या चेना इथे 2006 पासून फक्त 74 अंशांच्या पाण्यावर वीज तयार होते. पण तिथे थंड बाजूला बर्फाळ पाणी आहे. त्यांचा धबधबा सत्तर अंशांचा. आपल्याकडे समजा 52 अंशांचा झरा आणि 27 अंशांची नदी. पंचवीस अंशांच्या ओघळावर किती जाती फिरणार? वीज हवी तर तीन किलोमीटर उतरून मूळ साठा गाठावा लागेल.

तिथे मला सबुरी हवी असं वाटतं. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागाने, धुंदलवाडीच्या परिसराने, भूकंपाचे लहान लहान धक्के किती सोसले ते इथल्या माणसांना सांगायला नको. घरांच्या भिंती तडकल्या, माणसं थंडीत बाहेर झोपली. काही शास्त्रज्ञांनी कारण शोधताना खोल भेगांत मुरणाऱ्या पाण्याच्या दाबाकडे बोट दाखवलं. आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात 2006 मध्ये उष्णतेसाठी खोल खडकात दाबाने पाणी सोडलं, तेव्हा 3.4 क्षमतेचा धक्का बसून तो प्रकल्पच थांबवावा लागला. आधीच कुरकुरणाऱ्या जमिनीत पाणी ढकलण्यापूर्वी तिची नाडी फार काळ बघायला हवी.

पण उष्णतेची वीजच करायला हवी असं कुठे आहे? उष्णता उष्णता म्हणूनच वापरता येते. आइसलँडमध्ये कॉड माशांची डोकी पूर्वी उघड्यावर मांडवांवर सुकवत. आता ती जमिनीतल्या गरम पाण्यावर बंद खोल्यांत सुकतात आणि नायजेरियाला जातात. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सातपाटी आली. बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील, आणि अवेळी आलेलं आभाळ बघून ते काढायला धावणाऱ्या बायका. घोलवडचे चिकूही आठवले, पिकले की चार दिवस दम न धरणारे. दोन्ही सुकवायला उकळतं पाणी लागत नाही, साठ-सत्तर अंशांची कोरडी हवा पुरे. एमआयडीसीतल्या कापड कारखान्यांना धुण्या-रंगवण्यासाठी लागणारं पाणीही याच तापमानाच्या आसपासचं. आणि अंतराचं म्हणाल तर आइसलँडमधल्याच रेक्याविक शहराला 27 किलोमीटरवरून नळाने गरम पाणी येतं, वाटेत ते जेमतेम दोन अंश निवतं. आपल्या झऱ्यांचा विचार असा कारखान्याच्या आणि कोळीवाड्याच्या बाजूने अजून व्हायचा आहे, आणि तो व्हावा असं मला मनापासून वाटतं.

कोकनेरहून निघताना मी एका बाटलीत थोडं पाणी भरून घेतलं. पालघर स्टेशनपर्यंत ती पिशवीतून कमरेला ऊब देत होती. उमरोळी येईतो कोमट झाली, रात्री घरी काढली तेव्हा गार. आता ती खिडकीत उभी आहे, नळाच्या पाण्याहून वेगळी दिसत नाही. पण आतली गारगोटी अजून विरघळलेलीच आहे. थर्मामीटर घातला तर तो खोलीचं तापमान दाखवतो. पाण्याच्या अंगात मात्र खालचा, ग्रॅनाइटच्या शेजारचा आकडा अजून तसाच आहे.